भिंतीवरची क्रियापदं

१९ नोव्हेंबर

ताई,

वाकून नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतोय? इकडे सगळं मार्गी लागतंय. यांचं जेवणखाण पूर्ववत झालं. उजवा पाय जरा ओढतो, पण काठी लागत नाही. उजव्या हाताला मात्र अजून जोर नाही.

घरी एकटं ठेववत नाही म्हणून संध्याकाळी मी त्यांना माझ्या परदेशी भाषेच्या वर्गावर सोबत नेते. जिना चढतात, शेवटच्या बाकावर बसून राहतात. वर्गाचं रूप मी यंदा पालटलंय. व्याकरणाचे तक्ते काढले आणि बोलताना सतत लागणारी क्रियापदं पुठ्ठ्यांवर जाड अक्षरांत लिहून भिंतभर लावली. असणं, जाणं, येणं, राहणं, पाहणं, हवं असणं, शकणं. परक्या भाषेत एवढ्यावरही माणूस मनातलं बोलू लागतो. आमचे संचालक म्हणाले, "बाई, आता भिंतीला रंग द्यायला नको!"

किती इकडचं तिकडचं लिहितेय मी. फोनवरही तुम्ही "बोलला का गं तो?" विचारता आणि मी तुमच्या गुडघ्यावर घसरते. झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून मराठीचा एक शब्द आलेला नाही, ताई. माझं नावसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, "आशा ठेवा, पण वाट बघत थांबू नका." हे तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगू?

पण मंगळवारचं ऐका. वर्गात एक नर्स आहे, नोकरीसाठी परदेशी निघालीय. तिला घराविषयी बोलायला उभं केलं. "मी जाते," एवढं म्हणाली आणि भिंतीकडे बघत अडकली. तेवढ्यात मागून त्याच भाषेत, अगदी स्वच्छ आवाज आला: "आई राहते."

तो आवाज मी विसरत चालले होते.

सगळे वळले. नर्सचे डोळे भरून आले. "हो," ती म्हणाली, "आई राहते."

मग हे उठले. बाकांचा आधार घेत भिंतीपाशी आले. डावा हात एकेका पुठ्ठ्यावर ठेवत, थांबत थांबत म्हणाले, "मी आहे. मला पाहायचं आहे. येऊ शकते?"

मी मराठीत विचारलं, "कोण?" ओठ हलले, शब्द फुटेना. मग त्या भाषेत विचारलं.

"बहीण."

आम्ही दोघं याच भाषेच्या वर्गात भेटलो होतो. "शिकायला गेला भाषा आणि घेऊन आला बायको," असं तुम्हीच तर चिडवायचात. ती भाषा इतकी वर्षं त्यांच्या आत कुठे शाबूत राहिली, कोण जाणे! डॉक्टर म्हणतात, असं क्वचित होतं. त्यांना कारण ठाऊक असेल. मी नुसती बघत राहिले.

तर ताई, तिकीट काढाच. सोबत क्रियापदं पाठवतेय, अर्थासकट. स्वयंपाकघरात ओट्यासमोर लावा, उच्चार मी फोनवर घोटून घेईन. या वयात कसलं शिकणं, असं म्हणू नका. चुकलात तरी तुमचा भाऊ हसणार नाही. किंवा हसेलही, आणि मग तेही बघायला मिळेल.

ताई आल्या की काय सांगायचंय, असं काल त्यांना विचारलं. भिंतीकडे न बघताच सांगितलं त्यांनी. ते मी इथे लिहीत नाही. त्यांच्याच तोंडून ऐका.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले,
आम्ही दोघं