खोकणारा पहारेकरी

प्रिय भोंगा,

एकाच घरात राहून बापाला पत्र लिहावं लागतंय म्हणून हसू नकोस. किंवा हस, हसलीस तर उलट बरंच. तुझ्या आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तुम्हा बापलेकीचं सगळंच जगावेगळं. पण काय करू, शिंप्याचं तोंड आयुष्यभर टाचण्यांनी भरलेलं असतं. बोलायची सवय लागतच नाही. तुझ्या दारापाशी येतो, मनात दहा वाक्यं जुळवतो आणि ‘जेवण ठेवलंय’ एवढंच पुटपुटून परत फिरतो. म्हटलं, लिहून बघावं.

आधी बातमी सांगतो. मी तुझा तो चोराचा खेळ खेळतोय. हो, तोच, ज्याच्यापायी तुझ्या दहावीच्या वर्षी मी घर डोक्यावर घेतलं होतं. झालं असं, की माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर मोडीत द्यायला काढला आणि त्याच्या पोटात तुझी तबकडी सापडली. दुरुस्तीच्या दुकानातला तो कुरळ्या केसांचा, तुझ्याच वर्गातला, ती बघून असा हरखला की मला वाटलं याला लॉटरीच लागली. म्हणाला, काका, हा अजून जगभर खेळतात. कंपनीनं कधीच सोडून दिला, पण लोकांनी सोडला नाही. नव्या मशिनवर चालत नाही म्हटल्यावर कुणीतरी घरी बसून त्याला ठिगळं लावतं, फुकटात, आणि सगळ्यांना वाटून टाकतं. ठिगळ म्हटल्यावर मी कान टवकारले. आमच्या धंद्यातला शब्द. इतक्या वर्षांनी माणसं एखाद्या जुन्या कपड्याला ठिगळ लावत असतील तर कापडात काहीतरी दम असणार, हे मला कुणी शिकवायला नको. घेतला त्याच्याकडून चालू करून.

तुला आठवतं ना, तू खेळायचीस तेव्हा मी शेजारी बसून बटणं लावायचो. मी म्हणायचो, चोरीच शिकायची तर शाळेची फी कशाला भरायची? आणि तू मला कळवळून समजवायचीस की हा मारामारीचा खेळच नाही बाबा. हा चोर काडीपैलवान आहे. कुणाशी भिडला तर दोन फटक्यांत आडवा. त्याच्याकडे दोनच गोष्टी, अंधार आणि कान. पडद्याच्या तळाशी एक छोटा चंद्र असायचा. चोर उजेडात आला की पूर्ण चंद्र, सावलीत शिरला की अमावस्या. गालिच्यावर पाऊल वाजत नाही, लाकडावर थोडं वाजतं, लोखंडी पत्र्यावर तर पाय ठेवलाच की मेलास. आणि ते पहारेकरी! एक सारखा बुटाच्या नावानं बोटं मोडायचा, एक स्वतःशीच गाणं गुणगुणायचा, आणि जिन्यापाशी तो खोकणारा. तू त्याचं नाव खोकलेबुवा ठेवलं होतंस. त्यांचा खोकला दूर गेला की तू म्हणायचीस, बाबा, आता. आणि मी सुई हातात धरून श्वास रोखायचो. तेव्हा कबूल केलं नाही, पण तुझ्या परीक्षेपेक्षा मला त्या जिन्याची काळजी जास्त असायची.

आता बघतो तर चेहरे पुठ्ठ्यातून कापल्यासारखे, हाताची बोटं सगळी जोडलेली. माझ्या नवशिक्या कारागिरानं शिवलेले हातमोजेसुद्धा बरे दिसतील. पण दिवा विझला आणि भिंतीपलीकडे पाऊल वाजलं की माझ्या साठीतल्या छातीत तस्संच धडधडतं. मग मी विचार करत बसतो, हे जुनं का होत नाही? मला वाटतं, चित्र डोळ्यांसाठी असतं आणि डोळे चोचले मागतात, रोज नवं पाहिजे. भीती मात्र कानातून आत येते आणि कान म्हातारा झाला तरी त्याची खोड जात नाही. शिवाय या खेळात थांबणं हेच काम. जगात कुठेही थांबलं तर लोक म्हणतात मागे पडला. इथे जो सावलीत गप्प उभा राहतो, ऐकतो, समोरच्याची येण्याजाण्याची लय ओळखतो, तोच पुढे जातो. मला हे फार पटलं. घाईनं कात्री चालवणाऱ्यांची माप चुकलेली कापडं मी जन्मभर निस्तरली आहेत.

तुझ्याबद्दल लिहायचं टाळतोय, हे तुझ्या लक्षात आलं असेल. टाळत नाही आता. ती क्लिप मी पाहिली. आई आणि मी दोघांनीही पाहिली आणि दोघांनीही तुझ्यापुढे पाहिली नसल्याचं सोंग केलं. बातम्या वाचता वाचता तुझी जीभ एका नावावर अडखळली, तुला हसू फुटलं, आणि नेमकी पुढची बातमी मृत्यूची होती. ते हसू थांबेना. घाबरलीस की तू हसतेस. डॉक्टरांनी लहानपणी सुई टोचली तेव्हा हसली होतीस, आजी गेली तेव्हाही हसली होतीस आणि मग माझ्या सदऱ्यात तोंड खुपसून संध्याकाळपर्यंत रडली होतीस. आम्हाला हे माहीत आहे. जगाला माहीत नाही. जगानं तुला निर्दय म्हटलं, चॅनेलनं तुला घरी बसवलं, आणि ज्या चेहऱ्याला सगळे ओळखत होते तो तू खोलीत नेऊन ठेवलास. मला तुझा राग आला नाही गं. त्या लोकांचा आला, आणि अजून येतो.

मग आम्ही काय केलं, तर तुला त्रास नको म्हणून घर मुकं करून टाकलं. हे कुणी ठरवलं नाही, आपोआप होत गेलं. मी खुर्च्यांच्या पायांना चिंध्या बांधल्या. बिजागऱ्यांना तेल घातलं. शिलाई मशीन झाकून ठेवलं आणि हातशिलाईचीच कामं घेऊ लागलो. तुझी आई, जिची शिट्टी मैदानाच्या त्या टोकाला पळणाऱ्या पोरांना जागच्या जागी उभं करते, ती घरात मोजे घालून चालू लागली आणि मीठ हवं असलं तर मला खुणेनं मागू लागली. कुणी भेटायला आलं की आम्ही त्याला जिन्यातच गाठून परत पाठवायचो. स्वयंपाकघर रिकामं झालं की तू यायचीस, पाणी भरून घ्यायचीस, जायचीस. आम्ही आतल्या खोलीत श्वास रोखून बसायचो आणि एकमेकांकडे बघायचो. बघ, आपण तिला किती जपतो. एकदाच तुझ्या आईचा तोल गेला. “अहो, हे घर आहे की दवाखाना?” ती म्हणाली. “तिला निदान कळू दे, इथे माणसं राहतात.” मी ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं.

आणि मग मागच्या आठवड्यात मी एका घरात अडकलो. खेळातल्या. खेळातली मूळ घरं संपली की लोक स्वतः नवी घरं बांधून त्यात घालतात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. कुरळ्यानं असंच एक आणून दिलं. सुंदर घर होतं, मोठा वाकडा जिना, सगळीकडे गालिचे. मी एका पिंपामागे जाऊन बसलो आणि कान लावला. काहीच नाही. पावलं नाहीत, खोकला नाही, गुणगुण नाही. मला आनंद झाला, म्हटलं घर मोकळं आहे. दोन पावलं टाकली आणि समोरून पहारेकरी आला, भुतासारखा, बिनआवाजी. पुन्हा सुरू केलं, पुन्हा पिंपामागे. आता मात्र मला तिथून हलवेना. ते कुठे आहेत, किती आहेत, जवळ आहेत की दूर, काही म्हणजे काही कळेना. दोन संध्याकाळी मी त्या पिंपामागे बसून काढल्या. तळाचा चंद्र काळाकुट्ट होता, म्हणजे मी अगदी सुरक्षित होतो, आणि तरी इतकी भीती मला त्या खेळात कधी वाटली नव्हती. शेवटी कुरळ्याला विचारलं. तो बघून हसला. म्हणाला, काका, ज्यानं हे बांधलं तो पहारेकऱ्यांचे आवाज घालायलाच विसरलाय. असं घर कुणालाच खेळता येत नाही.

मी त्याच्या दुकानातून घरी आलो. दार उघडलं, ते वाजलं नाही. आई मोज्यांत उभी होती. तुझ्या खोलीच्या दाराखालून उजेडाची रेघ दिसत होती. मी तिथेच चपला न काढता उभा राहिलो आणि माझे डोळे भरून आले. आम्हाला वाटत होतं आम्ही तुला शांतता देतोय. तू आत बसून कान लावत असशील, आणि तुला काहीच ऐकू येत नसेल. आम्ही चिडलोय की रडतोय, दाराशी उभे आहोत की झोपलोय, तुला कळणार कसं? आईचं ऐकायला हवं होतं. तिला तसं सांगितलं, तर ती म्हणाली, हे कळायला तुम्हाला कॉम्प्युटर लागला. आणि मोजे काढून तिनं कोपऱ्यात भिरकावले.

तर हे पत्र एवढ्यासाठी, की उद्या सकाळपासून घरात आवाज होणार आहे आणि तो रागाचा नाही. मशीन खडखडेल, आई फोनवर तिच्या मैदानावरच्या पोरांना ओरडेल, भांडी आपटतील, बेल वाजेल, मी बेसूर गाईन. तू बाहेर यावंस म्हणून हे नाही. आम्ही कुठे आहोत ते तुला बसल्या जागी कळावं, मग टाळायचं तर टाळ, यायचं तर ये, तुझ्या सवडीनं. फक्त एक मागणं आहे, भोंगा. आम्हालाही तुझा काही पत्ता लागत नाही. लहानपणी तुझ्या आवाजानं गल्ली जागी व्हायची म्हणून तुला भोंगा म्हणायला लागलो, आणि आता तू इतकी अलगद वावरतेस की कितीदा तरी आई दाराला कान लावून तुझा श्वास ऐकत उभी राहिली आहे. तेव्हा तूही थोडा आवाज कर. दार आपट, पेला पाड, फुटला तरी चालेल. आम्ही धावत येणार नाही. आम्ही आपले जागच्या जागी एकमेकांकडे बघू आणि म्हणू, उठली वाटतं.

तुझाच,
उद्यापासून मोठ्यानं खाकरणारा,
बाबा