पेन्सिलीतलं फेझ

आई, मी मोरोक्कोत फेझला जाऊन आले. तुझा कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून नेला होता. परत येऊन तीन आठवडे झाले, तरी तो किचनमध्ये टोस्टरशेजारी तसाच पडलाय. उचलून आत ठेवायला हात धजत नाही. तुला जाऊन अकरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुला चार ओळी लिहिल्या नाहीत, मग आजच काय सुचलं, असं म्हणशील. सांगते. पण माझ्या पद्धतीने सांगू दे, मध्येच "मुद्द्यावर ये" म्हणू नकोस.

वेम्बलीला ईलिंग रोडवरच्या त्या ट्रॅव्हल एजन्सीत तू खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचीस. प्रत्येक गावाचा एक कागद आणि त्यावर तुझ्या अक्षरात चार रकाने: राहणं, जेवण, खरेदी, पाहणं. कुणी कस्टमर फिरून आला की तू त्याला सोडायचीच नाहीस. फ्लास्कमधला चहा पुढे करायचा आणि मग सुरू, खोलीत उजेड येतो का, जिने किती, मांसाच्या रश्श्यात लोणी घालतात का. हा शेवटचा प्रश्न विचारणारी ट्रॅव्हल एजंट अख्ख्या लंडनमध्ये तू एकटीच असशील. घरी मटणाच्या रश्श्यात नारळाचं दूध घालणारे आपण बेने इस्राएल, मांसाला दूधलोणी लागलेलं आपल्याला चालत नाही, म्हणजे कस्टमरलाही चालत नसणार, असा तुझा सरळ हिशोब. ऐकलेलं सगळं तू पेन्सिलीने लिहायचीस. स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं तेवढं शाईने. मुंबईचा कागद सगळा निळा होता. बाकीच्या गावांचे कागद राखाडी आणि त्यांत सगळ्यात भरलेला फेझचा, कारण फेझमध्ये जन्मलेले ते आजोबा दर वर्षी तुझ्याकडेच तिकीट काढायला यायचे. आपल्यासारखेच ज्यू. त्यांचं इंग्रजी फ्रेंच वळणाचं, तुझं मराठी वळणाचं, तरी दोघं तासभर बोलत बसायचात. एकदा त्यांनी तुला तिथले वाळलेले गुलाब आणून दिले. घरी प्रेषित एलियाहूच्या नावाने मलिदा केलास तेव्हा पोहे, गूळ, खोबऱ्याच्या ताटात फळांच्या मधोमध तू तेच ठेवलेस आणि म्हणालीस, "एलियाहू हन्नबीला सगळीकडचे गुलाब चालतात."

आणि मग तो शुक्रवार. मी बँकेतून लवकर सुटून तुला न्यायला आले होते. तुझ्यासमोर एक नवराबायको बसले होते, आपल्याच पुण्याचे, ब्रॅकनेलला सॉफ्टवेअरमध्ये. तू त्यांना फेझबद्दल सांगतेयस, "अहो, हरवलात तर घाबरू नका, चढाच्या बाजूने चालत राहायचं, मोठा दरवाजा येतोच." मला कसली घाई होती देव जाणे, शनिवारसाठी भाजी घ्यायची होती बहुतेक. मी म्हटलं, "आई, पुरे आता. तू स्वतः कधी गेलीयस का तिथे? उगाच लोकांना गल्ल्या काय दाखवतेयस?" ती बाई हसली. नवरा म्हणाला, "ओह, आम्हाला वाटलं तुम्ही तिथे राहून आलाय," आणि विचार करून सांगतो म्हणून दोघं उठले. कागद फाइलला लावलास, पेन्सिलीला टोक केलंस, कोट चढवलास. ट्रेनमध्ये बसल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "पेन्सिलीतलं आहे हे मी त्यांना सांगणारच होते. मी कुणाला फसवत नाही." मग दोन स्टेशनं गेल्यावर, "तू चल ना माझ्याबरोबर. दोघी जाऊ आणि शाई करून येऊ." मी म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की. तीन वर्षं पुढच्या वर्षी म्हटलं. मग तुझे गुडघे गेले, मग तू. मी तेव्हा सॉरीसुद्धा म्हटलं नव्हतं, आई. कोथिंबीर घ्यायची राहिली एवढंच म्हटलं होतं.

तर या मार्चमध्ये गेले. निळं पेन घेऊन गेले, ठरवूनच, की एकेक ओळ बघायची आणि शाई करायची. तुझ्या कागदातलं राहायचं घर अजून आहे. मालक बदलला, भिंतीवरच्या टाइल्स त्याच. तू लिहिलंयस, "खोली अंगणाकडच्या खिडकीची मागावी, रस्त्याकडची नको." मी तशी मागितली तर मालक म्हणाला, "तुम्ही आधी आला होतात का?" मी म्हटलं, आई सांगायची. तो म्हणाला, मग त्या येऊन गेल्या असतील. मी हो म्हटलं. त्याच्यासमोर तरी तुला कमीपणा नको म्हणून.

जेवणाच्या रकान्यात तुझी ओळ, "मांसावर लोणी असतं का ते आधी विचारावं, लाजू नये." मी लाजले. एवढी वर्षं इथे राहून वेटरला काही विचारायचं म्हणजे त्याला त्रास देणं असं वाटायला लागलंय. मटणाचं कुसकुस आलं, आपल्या सांज्यासारखं, दोन चमचे खाल्ले, आणि वेगळीच चव लागली म्हणून मग विचारलं. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, मॅडम, मुरवलेलं लोणी आहे, घरचं, माझ्या आईच्या हातचं. आता काय बोलणार? चमचा खाली ठेवला आणि ब्रेड खात बसले. मला तुझा चेहरा दिसत होता आणि मी रडायच्या बेतात हसत होते.

बाकी सगळं बरोबर निघालं गं. गल्लीत मागून ओरडा आला की भिंतीला चिकटायचं, गाढव येत असतं. कातडी भिजवायच्या हौदांपाशी पुदिन्याची काडी नाकाशी धरायची, पण तोंड वाकडं करायचं नाही, माणसं तिथे दिवसभर पाण्यात उभी असतात. अत्तरवाल्यांच्या बाजारात वाळलेले गुलाब घेतले. दुसऱ्या दिवशी खरंच हरवले. फोनवरचा नकाशा भलतीकडेच दाखवत होता. शेवटी चढाच्या बाजूने चालत सुटले, आणि आला मोठा दरवाजा. तिथेच एका दुकानाच्या पायरीवर बसले आणि शाई करायला पेन काढलं. पहिल्या ओळीवर टेकवलं आणि थांबले. शाई करायची म्हणजे तुझ्या अक्षरावरून पेन फिरवायचं. मग खालचं तुझं काय राहिलं असतं? ते आधीच इतकं पुसट झालंय की उन्हात धरलं तरच वाचता येतं. टोपण लावलं आणि पेन पर्समध्ये टाकलं.

शेवटच्या दिवशी जुन्या ज्यू वस्तीत गेले. पाहण्याच्या रकान्यात सगळ्यात खाली तू लिहिलंयस, "आजोबांचं जुनं घर. विनंती केली तर गच्चीवर जाऊ देतात. संध्याकाळी पांढऱ्या कबरी दिसतात. माझ्या लेकीला आवडेल." हे तू कधी लिहिलंस? त्या शुक्रवारच्या आधी की नंतर? कागद कितीदा उलटापालटा केला, काही कळत नाही. त्या घरात आता एक बाई राहते, माझ्याच वयाची. मी वर बोट दाखवलं, तिने मान हलवली आणि पुढे होऊन जिना दाखवला. वर जाऊन तिने खुर्चीवरचे वाळत घातलेले कपडे उचलले, दुसरी खुर्ची ओढली आणि बोट वर करून विचारलं, एकटीच? मी हो म्हणून मान हलवली. तिने ती खुर्ची पुन्हा भिंतीला लावली आणि चहा आणायला खाली गेली.

कबरी आहेत, आई. पांढऱ्या, उतारावर ओळीने, आजोबा सांगायचे तशाच. पक्षी होते. ऊन पिवळं झालं होतं. मी पर्समधून पेन काढलं आणि तुझ्या ओळीवर नाही, तिच्या शेजारी थोडी जागा होती तिथे लिहिलं, "आवडलं." अख्ख्या कागदावर शाईचा तेवढा एकच शब्द आहे.

हे पत्र त्याच फोल्डरमध्ये ठेवतेय. एक राहिलं, ते सांगून टाकते. मला नाही आवडलं. ती खुर्ची भिंतीला लावल्यापासून काहीच दिसलं नाही, चहा थंड होईपर्यंत मी पायांकडे बघत बसले होते. तू जन्मभर ऐकीव गोष्टीवर कधी शाई केली नाहीस, आणि मी मात्र तुझ्या कागदावर शाईने खोटं लिहून आलेय.