पुढच्या फळीवरचे वजन

मी, मुराद उस्मान परकार, वय वर्षे अडुसष्ट, धंदा उतारूंना खाडीपार नेणारी तरीची होडी चालवणे, राहणार दासगाव, तालुका महाड, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने किंवा भरीस पडून नव्हे, तर राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. महाडच्या डॉक्टर प्रियदर्शिनीबाईंनी काल माझी छाती तपासली आणि मग, कायद्याला लागते म्हणून, डोकेही तपासले. त्यांनी वार विचारला, महिना विचारला. भरतीची वेळ मी न विचारता सांगितली. डोक्याचा दाखला सोबत जोडला आहे. छातीबद्दल त्या जे म्हणाल्या ते जोडलेले नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझे वारस तीन: पत्नी रुकय्या, मुलगा अर्शद, जो कुवेतला नोकरी करतो, आणि मुलगी शगुफ्ता, जी माझी होडी चालवते.

कलम १. राहते घर आणि परसातले माड शरियतप्रमाणे ज्याच्या वाट्याला जेवढे येतील तेवढे त्याचे. मात्र रुकय्याने चूल खिडकीखाली हलवायची म्हटली तर कोणी हरकत घेऊ नये. मी जन्मभर घेतली, तेवढी पुरे. पोस्टातली बचत आधीपासून तिच्याच नावावर आहे. त्याबाबत मी काही लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणे होईल.

कलम २. माझा चुलतभाऊ अकिब, ट्रकवाला, यास माझी काळी छत्री द्यावी. ती उघडत नाही. शगुफ्ता लग्न मोडून माहेरी आली आणि इंजिनाला हात लावू लागली, तेव्हा भर बाजारात हा म्हणाला होता, "मुरादभाई, आता तरीवर बाई बसवलीस? उतारू पोहत जातील." उतारू पोहत गेले नाहीत. उलट गावातल्या प्रयागबाईची सून बाळंतपणात अडली, वारा सुटला होता, ओहोटी लागली होती आणि पलीकडच्या काठावर रिक्षा थांबली होती, तेव्हा अकिबचा ट्रक या काठावर उभाच राहिला आणि माझी पोर तिला घेऊन गेली. मध्येच इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यात जाळ्याचा दोर अडकला. तिने इंजिन बंद केले, उचलले, दोर कापला, तेवढा वेळ एका हाताने वल्हे मारून होडीचे तोंड लाटेला धरून ठेवले, आणि त्या बाईशी शेवटपर्यंत बोलत राहिली. मी होडीतच होतो. मला काही करावे लागले नाही. मी चाळीस वर्षे खाडीत काढली, पण एवढे शांत डोके मला कधी जमले नाही. छत्री देताना अकिबला हे कलम वाचून दाखवावे.

कलम ३. होडी आणि तिच्यामागे लटकवायचे इंजिन शगुफ्ताला मिळावे, अशी माझी इच्छा आहे. पण वारसाला वेगळे काही द्यायचे तर माझ्यामागे बाकीच्या वारसांना राजी व्हावे लागते, असे काझीसाहेबांनी सांगितले. रुकय्या राजी आहे. अर्शदला फोन केला तर तो म्हणाला, "होडी तिचीच आहे अब्बा, मी कुठे नाही म्हणतोय? पण आधी पाकट बसवा. नाहीतर मी सही देणार नाही." म्हणजे होडीचा सगळा निकाल पाकटावर येऊन ठेपला आहे. तेव्हा पाकट म्हणजे काय, ते इथे लिहिणे भाग आहे.

दोन वर्षांपूर्वी अर्शदने कुवेतहून एक खोका पाठवला. त्यात काळ्या प्लास्टिकचे दोन पंख होते. इंजिनाचा जो पाय पाण्यात बुडतो, त्याला पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. तिला भोके पाडून हे पंख दोन बाजूंना बोल्टने आवळायचे. खोक्यावर लांबलचक इंग्रजी नाव होते, पण दिसायला ते थेट पाकट माशासारखे, म्हणून शगुफ्ताने त्याला पाकट म्हटले आणि तेच नाव पडले.

गरज खरी आहे, हे मी मान्य करतो. उतारू भरले की होडी सपाट चालते. पण रिकामी परतताना मागे इंजिन आणि शगुफ्ता, पुढे कोणीच नाही. वेग घेतला की मागची बाजू बसते आणि नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, आभाळाकडे बघू लागते. चालवणाऱ्याला समोरचे काही दिसत नाही. खाडीत वाळूवाल्यांच्या बोटींचे दोर आडवे असतात, पुराने आणलेले ओंडके असतात. एकटी असताना होडी आपटली तर काय, हीच अर्शदची काळजी. भाऊ म्हणून त्याने ती केली याचा मला अभिमान वाटतो. इतक्या लांब बसून त्याला आपल्या बहिणीच्या डोळ्यांपुढची नाळ दिसली.

माझी हरकत भोकांना होती. ते इंजिन मी स्वतः बहारीनहून आणले, रोज गोड्या पाण्याने धुतले, त्यावर ओरखडा येऊ दिला नाही. त्याला भोके पाडली की खारे पाणी शिरणार, पट्टी आतून खाणार. शिवाय पाकटाला जाळी अडकणार. माझा दोस्त भागोजी उतेकर उमरठहून लेकीकडे जाताना आमच्याच तरीने पलीकडे उतरतो. त्याने खोका बघून विचारले, "मुरादभाय, शेपूट लावल्यानं बैल सरळ चालतो काय रं?"

शगुफ्ता म्हणाली, "चाललं तर चाललं, बघायला काय जातंय?" म्हणून भोके न पाडता आम्ही पाकट नायलॉनच्या दोरीने बांधले. मासे पकडणारी माणसे सगळे काही दोरीने बांधतात, त्यातलाच हा प्रकार. अर्ध्या खाडीपर्यंत ते टिकले. आणि तेवढ्यात मागे एकत्र बसलेल्या आम्ही तिघांनीही, म्हणजे ती, मी आणि भागोजीने, बघितले: मागची बाजू उचलली गेली, नाळ खाली आली, होडी सपाट धावू लागली. "अब्बा, दिसतंय गो सगळं!" असे ती आनंदाने ओरडली. बापाला गो म्हणाली, तेही तिला कळले नाही. मग गाठ सुटली आणि पाकट चिखलात गेले. ओहोटीला भागोजीने धोतर खोचून ते शोधून आणले आणि बैलाबद्दलचे बोलणे मागे घेतले.

तर पाकट काम करते. तरीही मी ते बसवू दिले नाही. त्याऐवजी मी पुढच्या फळीवर बसू लागलो. माझे वजन नाळ खाली ठेवते आणि माझे डोळे पुढे असतात. दोर दिसला की मी उजवा किंवा डावा हात वर करतो. ती का म्हणून विचारत नाही, लगेच वळवते. वाळूची गोणी ठेवा असेही लोकांनी सुचवले. पण गोणी हात वर करत नाही, आणि होडी उलटली तर पोहतही नाही.

आता खरे ते लिहितो. भोकांचे कारण खोटे नव्हते, पण तेवढेच नव्हते. मला ती फळी आवडते. मागून इंजिनाचा आवाज येतो आणि तो बदलला की मागे न बघता मला कळते की तिने काय केले. कधी वेग कमी करावा, कधी लाट अंगावर घ्यावी, हे ती माझ्यापेक्षा चांगले जाणते. माझी पोर होडी चालवते आणि मी तिचा उतारू आहे, याहून मोठे सुख मला या खाडीने दिलेले नाही. पाकट बसले असते तर पुढे माझे काय काम राहिले असते?

कलम ४. म्हणून ठरवतो ते असे. मी असेपर्यंत पाकट माळ्यावरच राहील. मी गेल्यानंतर ते इंजिनाला बसवावे. भोके अर्शदने स्वतःच्या हाताने पाडावीत. त्यासाठी त्याने सुट्टी काढून यावे. शगुफ्ताने इंजिनाचा पाय धरावा. भोकांत आधी रंग भरावा, मग बोल्ट आवळावेत. माझी ड्रिल मशीन आणि पान्यांची पेटी त्या कामानंतर अर्शदने घेऊन जावी. त्यानंतर त्याने संमतीची सही द्यावी. पोरा, तुझी अट मी मान्य केली आहे, फक्त माझ्या सवडीने.

कलम ५. ते होईपर्यंत शगुफ्ताने होडी रिकामी चालवू नये. पुढे कोणीतरी बसलेले असावे.

हे मृत्युपत्र घरी बसून लिहायला घेतले होते. पण शेवटची फेरी भरून पलीकडे जायची होती आणि परतताना होडी रिकामी येणार होती, म्हणून कागद बरोबर घेतले आणि उरलेले होडीत लिहिले. अक्षर हलले असेल तर तो दोष हाताचा नाही. दोन्ही साक्षीदार पलीकडेच भेटले, भागोजी लेकीकडे आणि डॉक्टरीणबाई रस्त्याने रोगी बघायला आलेल्या. दोघांनी काठावर उभे राहून माझ्यासमक्ष सह्या केल्या. आम्हाला सोडायला तुम्हीही या, असे मी म्हणालो, तर शगुफ्ता म्हणाली, "नको, चौघं झाली तर मग अब्बांचं काम काय?"

तिला सगळे ठाऊक होते.

सही: मुराद उस्मान परकार

साक्षीदार:
१. भागोजी येसाजी उतेकर, राहणार उमरठ, तालुका पोलादपूर
२. डॉ. प्रियदर्शिनी साळुंखे, राहणार महाड

दिनांक: ९ फेब्रुवारी २००४
स्थळ: सावित्रीची खाडी, होडीची पुढची फळी