न नेलेला चष्मा

४ जून, मंगळवार

लेकीने मला ऑनलाइन टाकलं. विकायला नाही, ओळखी जुळवणाऱ्या एका ॲपवर. फोनवर म्हणाली, "बाबा, लग्न कर असं कुणी म्हणत नाहीये. कॉफी तर पिशील?" कॉफी मी घरीही पितो.

फोटो तिनेच निवडला. चष्मा काढलेला. "त्या चष्म्यात तू आजोबा दिसतोस." चष्म्याच्या दुकानदाराने चष्मा लपवून फोटो द्यायचा, म्हणजे न्हाव्याने जटा वाढवून दुकानात बसण्यासारखं. असो.

८ जून, शनिवार

आज खालचा खण आवरला. लोक चष्मा करायला टाकतात आणि न्यायला येत नाहीत, ते चष्मे त्या खणात. सहा महिने वाट बघायची, मग काचा काढायच्या, फ्रेम परत कपाटात. नियम माझाच. आज सात निघाले.

आठवं पाकीट हिचं, लेकीच्या आईचं. तीन वर्षं तिथेच आहे. दुकानातल्या कारागिराच्या अक्षरात हिचं नाव आणि खाली 'तयार'. ऑर्डर तिने सोमवारी त्याच्याकडे दिली. चष्मा शुक्रवारी तयार झाला. ती बुधवारीच गेली होती. सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून कुरकुरत होती, त्यासाठीच केला असणार. तिने एकदाही न घातलेला चष्मा. त्याच्या काचा कशा काढू?

कारागीर दर महिन्याला म्हणतो तेच म्हणाला. "साहेब, ते पाकीट एकदा उघडा."

"राहू दे."

"काचा नका काढू. नुसतं उघडा."

हट्टाला पक्का माणूस. अशा माणसाबरोबर पंचवीस वर्षं काढायला माझ्यासारखाच मालक हवा.

११ जून, मंगळवार

ॲपवर एका बाईंचा निरोप. गुरांच्या डॉक्टर आहेत. यजमान जाऊन पाच वर्षं झाली. लिहिलंय, "माझे पेशंट बोलत नाहीत. तुमचे?"

तासभर विचार करून उत्तर दिलं, "माझे फक्त भिंतीवरची अक्षरं वाचून दाखवतात."

लेकीला कळवलं. ती म्हणाली, "बाबा, जमतंय तुला!" काय जमलं ते कळलं नाही.

१५ जून, शनिवार

उद्या चार वाजता. लेकीच्या सूचना: निळा शर्ट. चष्मा खिशात. आईचा विषय एकदाच, तोही त्यांनी विचारलं तर. दुकानाबद्दल बोलू नको. मग बोलू काय? हवामान बघून ठेवलं.

१६ जून, रविवार

झालं एकदाचं.

खिडकीजवळचं टेबल ठरलं होतं. खिडक्या दोन निघाल्या — दोन टोकांना. मी एकीजवळ बसलो. चष्म्याशिवाय मला चार हातांपलीकडे सगळी माणसं सारखी. पलीकडच्या खिडकीशी काहीतरी हिरवं होतं. झाड असेल असं वाटलं.

सव्वाचारला निरोप आला, "मी केव्हाच पोचले. खिडकीशी बसले आहे." मी लिहिलं, "मीही." साडेचार झाले. मनात म्हटलं, दुरून पाहिलं असेल आणि परत गेल्या असतील. वाईट वाटलं, आणि सुटल्यासारखंही. उठणारच होतो.

शेवटी कॉफी देणाऱ्या बाईंना दया आली. म्हणाल्या, "काका, तुम्ही आणि त्या मॅडम एकमेकांचीच वाट बघताय का?"

झाड उठून माझ्याकडे आलं. पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, मला नीट पाहिलं आणि खुर्चीत बसून हसत राहिलं. "सुनेने काढायला लावला हो. म्हणाली, चष्म्यात मी हेडमास्तरीण दिसते."

मग मीही माझा खिशातून काढला. तो पाहून त्या हसायच्या थांबल्या. एक काडी दोऱ्याने बांधलेली, उजव्या काचेवर चरे.

"दुकान चष्म्याचंच ना तुमचं?"

"हो."

"दिव्याखाली अंधार."

मी सांगितलं, दुकानात डोळे तपासायचं यंत्र आलं तेव्हा ही म्हणाली होती, आधी मालकाला बसवा, यंत्र खरं बोलतं का बघू. त्यानंतर मी अख्ख्या गावाला त्या खुर्चीत बसवलं. मला पुन्हा कुणी बसवलं नाही.

आईचा विषय निघाला तो असा. मग थांबेना. पाकिटाचंही सांगून टाकलं. ते मी लेकीलाही कधी सांगितलेलं नाही.

त्यांनी कप खाली ठेवला. "आत काय आहे?"

"तिचा चष्मा."

"पाहिलात?"

"नाही. पण माहीत आहे."

"मी गाय बघितल्याशिवाय तिला काय झालंय ते सांगत नाही," त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता.

त्यांचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. स्क्रू ड्रायव्हर माझ्या खिशात असतोच. काड्या आवळून दिल्या. निघताना म्हणाल्या, "पुढच्या रविवारी धड चष्मा घालून या. तुम्ही नक्की कुणाला भेटलात ते तुम्हालाही दिसू दे."

१७ जून, सोमवार

लेकीचा फोन. "आईचा विषय किती वेळा?"

"एकदा."

सुरू एकदाच झाला होता.

१९ जून, बुधवार

खण उघडला. बंद केला. कारागीर काच घासत होता. मान वर केली नाही, पण यंत्र थांबवलं.

काचा काढल्या की ऑर्डर संपली. इतकंच आहे खरं तर. पण ती संपली की या दुकानात हिचं काही न्यायला यायचं राहत नाही.

२० जून, गुरुवार

उघडलं.

काचा कडेला जाड, म्हणजे लांबच्या नंबरच्या. हिला जवळचा नंबर, तिच्या काचा मध्ये जाड हव्यात. फ्रेम रुंद, पुरुषी. नंबर यंत्रावर तपासला, मग जुन्या वहीत पाहिला. हिने मला यंत्राच्या खुर्चीत बसवलं होतं, त्या दिवसाचा माझा नंबर.

कारागीर म्हणाला, "वहिनींनी बजावलं होतं, सांगायचं नाही. यांचं यांना दिसू दे, म्हणाल्या."

"तीन वर्षं?"

"दर महिन्याला उघडा म्हणत होतोच की, साहेब."

घातला. नंबर थोडा पुढे गेलाय, पण समोरच्या दुकानाची पाटी वाचता येते. रविवारी हाच घालून जाणार आहे.