ग्रीक कणा आणि खिडकीचे पडदे

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? (खरं कळव. मागच्या पत्रात ‘ठणठणीत’ लिहिलंस, पण अक्षर लंगडत होतं.) मी बरा आहे, पण एका जागी बसवत नाही. हे पत्रसुद्धा दोन ओळी लिहायच्या, खिडकीपर्यंत फेरी मारायची, पुन्हा दोन ओळी, असं चाललंय.

झालं असं, की नात दीड वर्षाची झाली तरी चालेना, आणि धरून उभी केली की पाय कंसासारखे बाकदार. (मला ते फार गोड वाटायचे. वाटे, त्या कंसात एखादी छोटी कविता सहज मावेल.) सूनबाई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. परत आली ती ऑफिसच्या घाईत, एक पाय चपलेतच. चिठ्ठी माझ्या हातात कोंबून म्हणाली, “बाबा, थेंब दिलेत, आणि रोज सकाळी ऊन द्यायचंय. विसरू नका हं!” माझं लक्ष मात्र चिठ्ठीवरच्या शब्दावर: रॅकायटिस. अगं, आपल्या लहानपणचा मुडदूसच तो! पण हे मला तेव्हा कुठे ठाऊक? शब्दाचं कूळ शोधल्याशिवाय मला घास उतरत नाही. जाडा कोश काढला. मूळ ग्रीक, अर्थ पाठीचा कणा. माझाच कणा गार पडला. एवढ्या भारदस्त शब्दाला नुसतं ऊन कसं पुरणार? म्हणून सहा दिवस पोरीला फळीवर उताणी निजवली, माझ्याच खोलीत, पडदे ओढून (उन्हानं पुस्तकं विटतात), आणि शाळेत पाठ केलेल्या सगळ्या कविता तिला म्हणून दाखवल्या. त्यांत चार उन्हावरच्या होत्या.

आठवड्यानं डॉक्टरांनी मलाही बोलावलं. मी त्यांना ग्रीक समजावून सांगितलं. ते म्हणाले, “आजोबा, नाव ठेवणाऱ्यांची नजर आधी कण्यावर गेली, म्हणून कण्याचं नाव. पण हाडं मऊ पडतात ती बहुतेक उन्हावाचून. हिला दिवसभर ठेवता कुठे?”

ताई, याचं उत्तर कोशात नव्हतं. सूनबाई कामावर गेली की वर्षभर पोर त्या पडद्यांआडच तर होती. कालपासून मी पोरीला बागेत नेतो आहे. पण आज सूनबाईला फोनवर ‘सोमवारपासून पाळणाघर’ असं कुणाशी तरी बोलताना ऐकलं, तेव्हापासून या फेऱ्या.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र कशासाठी ते राहिलंच. सूनबाई तुझं ऐकते. तिला फोन कर. म्हणावं, पोर त्याच्याजवळच राहू दे, तो पडदे काढील.

ता. क. २. पडदे काढले. विटू देत पुस्तकं.

ता. क. ३. आत्या, सूनबाईचा नमस्कार. बाबांनी पत्र माझ्याकडेच टाकायला दिलं, तेही पाकीट न चिकटवता. पाळणाघराला नको म्हणून कळवलंय. त्या दिवशी दवाखान्यात त्यांचंही रक्त तपासलं होतं, त्यांनाही उन्हाचीच कमतरता निघाली, तेव्हा आता दोघांना रोज सकाळी बाहेर काढणार आहे. तरी फोन कराच, आणि त्यांना सांगा, कोश घरी ठेवा. काल बागेत ऊन लागू नये म्हणून तो उघडून पोरीच्या डोक्यावर धरला होता.