कपाळावर चढवलेला चष्मा

प्रिय अण्णा,

काल मी दत्ताच्या थोबाडीत मारली. भर बाजाराच्या दिवशी, मुखेडच्या आपल्या वेल्डिंगच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. तुमचा एवढा दांडगा लेक गाल धरून उभा राहिला. माझा हात अजून झिणझिणतोय, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. हा हात तुमच्यावरच गेलाय ना!

डोळ्यांपायी किती जणांना मारलंत हो तुम्ही! लहानपणी मी ठिणग्यांकडे टक लावून बघत होते, तर पाठीत असा धपाटा घातलात की मी जाऊन रांजणावर आदळले. वर ओरडलात, "आंधळी व्हायचंय का गं? तिकडं तोंड कर!" डोळ्यात कण गेला म्हणून दत्ता चोळायला लागला, की मनगट पिरगाळून त्याचं तोंड बादलीत घालायचात. "चोळू नको! पाण्यात डोळे उघड!" ट्रॉली दुरुस्तीला आणलेल्या माणसालासुद्धा कॉलर धरून मागे ओढलं होतंत. गाव तुम्हाला तापट म्हणायचं, ते काही खोटं नव्हतं.

आणि स्वतः? वेल्डिंग करताना काळी काच धरायचा कंटाळा. डोळे मिटून अंदाजानं टाका मारायचा आणि संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं तळमळायचं. माय बिचारी डोळ्यांवर बटाट्याचे काप ठेवायची, तर तिच्यावरच डाफरायचात!

मी नांदेडला चष्म्याच्या दुकानात कामाला लागले, तुमच्यासाठी रबरी पट्ट्याचा जाड चष्मा आणला. तुम्ही तो भिंतीवर फेकून मारलात. "मला काय घोड्याची झापडं लावायलीस?" मीही गप्प बसले नाही. उचलला आणि तुमच्या छातीवर फेकला. आठवतंय? माय मधे पडली म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी मात्र मुकाट घातलात, आणि मग रोज घालत राहिलात.

मग त्या दिवशी का काढलात, अण्णा?

थोरले काका आले होते म्हणून. ज्या भावासमोर तुम्ही कधी खुर्चीवर बसला नाहीत, त्याच्याशी डोळ्यांवर चष्मा ठेवून बोलायचं म्हणजे तुमच्या लेखी मस्ती. चष्मा कपाळावर चढवलात, "या दादा" म्हणालात. मान द्यायचं सुचलं, ग्राइंडर बंद करायचं सुचलं नाही? डिस्क फुटली आणि तुकडा डोळ्यातून आत शिरला. काकांचं धोतर रक्तानं माखलं. चष्मा तसाच कपाळावर होता, काचेवर साधा ओरखडा नव्हता. तो चष्मा आठवला की अजून माझं डोकं फिरतं. तुमच्यावरच फिरतं!

काल मी दुकानात गेले, तेव्हा दत्ता गेटचा पाइप घासत होता. चष्मा डोळ्यांवर, सगळं नीट. मला बघून हसला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "ये ताई." हातातलं ग्राइंडर फिरतच होतं.

मी प्लग उपटला आणि मारली. मग दुसरी मारली. पाना उचलला होता, तो एका गिऱ्हाइकानं हिसकावून घेतला.

"येडी झालीस का? तुझा मान ठेवला तर मारायलीस व्हय?" दत्ता ओरडला.

"आग लाव त्या मानाला! त्याच मानानं अण्णाचा जीव घेतला!"

मग दोघंही ढसाढसा रडलो. बाजार बघत होता, बघू दे.

आज नांदेडची गाडी धरण्याआधी पुन्हा दुकानात गेले. मागे उभी राहून हाक मारली. त्यानं मान वळवली नाही. "दिसत न्हाई का? लांब हो!" चष्म्याआडूनच खेकसला, अगदी तुमच्या आवाजात. बटण बंद केलं, डिस्क थांबेपर्यंत तिच्याकडेच बघत राहिला, आणि मग वळला. इतका उद्धट भाऊ देवानं मला दिला, अण्णा! माझी गाडी चुकली, पण मला काही वाटलं नाही.

शब्द देते तुम्हाला. त्या दुकानात माझ्यासमोर, काकांसमोर, अगदी देवासमोरही चालू मशीनवर कुणी चष्मा उतरवला, तर माझा हात उठणारच. तुमच्यावरचा राग मी विझू देणार नाही. दत्ताचे डोळे शाबूत राहीपर्यंत तो मला लागणार आहे.

तुमचीच तापट लेक,
सुनीता