थरथरती रेघ

बाबा, तुमच्या हाताचं चित्र मी पुन्हा काढलं, आणि या वेळी ते लोकांना दाखवलं. तुम्ही जाऊन आता एकवीस वर्षं झाली. नको म्हणायला कुणी नव्हतं.

तो रविवार तुम्हाला आठवला असता की नाही, कोण जाणे. आपण डमडमच्या फ्लॅटमध्ये राहत होतो, मी आर्ट कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. तुमचा उजवा हात थरथरायला लागून वर्ष होत आलं होतं. बँकेतल्या नोकरीत तुमची सही जुळेना, म्हणून तुम्ही मुदतीआधीच निवृत्ती घेतली होती. आई तुम्हाला अर्धाच कप चहा देते, सांडू नये म्हणून, आणि तसं कधी बोलून दाखवत नाही. तुम्ही स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी बसून दोन्ही हातांनी कप उचलता आहात, आणि मी दारात उभी राहून वहीत ते टिपते आहे. तुमचं लक्ष गेलं. कप ठेवून तुम्ही वही मागितलीत. बराच वेळ बघत राहिलात.

"चित्र चांगलं आलंय," तुम्ही म्हणालात. "म्हणूनच सांगतो, हे कुणाला दाखवायचं नाही. माणसाची भीती अशी चारचौघांत मांडू नये."

"तुमची नाही बाबा, माझी भीती आहे," असं मला म्हणायचं होतं. तुमच्यासमोरच पान फाडलं. आई ओट्याकडे तोंड करून कणीक मळत राहिली.

त्यानंतर मी कुणाला त्रास होणार नाही अशीच चित्रं काढली. शाळेच्या पुस्तकांसाठी पोपट, आंबे, छत्री घेतलेली मुलगी. त्यावर संसार चालला, तक्रार नाही. मागच्या हिवाळ्यात प्रकाशकांकडच्या बंगाली बाईंचा फोन आला. "दीदी, लाइनटा काँपछे केनो?" रेघ का थरथरतेय, एवढंच त्यांनी विचारलं. मी चष्म्यावर ढकललं. फोन ठेवला आणि उजवा हात टेबलावर पसरून बघितला. करंगळीजवळचं बोट आपोआप हलत होतं, तुमचं हलायचं तसंच.

पोपटाचं काम मी दुसऱ्या चित्रकाराकडे दिलं. रेघ सरळ करायचा प्रयत्नही सोडला आणि ती थरथरते तशीच थरथरू दिली. शर्टाचं बटण लावणारा हात, सुईत दोरा ओवणारा हात, दोन हातांतला कप. सहा महिन्यांत चौदा चित्रं झाली. बालीगंजमधल्या एका छोट्या हॉलमध्ये ती आठवडाभर लावली होती. तिसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ बायकोबरोबर आले. कपाच्या चित्रापुढे थांबले, शालीत लपवलेला हात बाहेर काढला आणि चित्राशेजारी धरला. बायकोने तो खाली केला नाही. तुम्ही म्हणाला होतात ते चूक होतं असं मला तेव्हा वाटलं. आता तितकी खात्री नाही. तुमच्या जागी मीही कदाचित तेच म्हटलं असतं.

शेवटच्या दिवशी माझी लेक न्यू टाउनहून ऑफिस सुटल्यावर आली. तिचं मराठी तुम्हाला ऐकवलं नसतं. सगळी चित्रं बघून झाल्यावर तिनं विचारलं, "आई, हा हात तुझा आहे की आजोबाचा?"

"आजोबांचा," मी म्हटलं. "सगळे त्यांचेच."

तिनं मान हलवली आणि माझा हात हातात घेतला. मी पर्स शोधायच्या निमित्ताने तो सोडवून घेतला.

चौदांपैकी तुमचं फक्त कपाचं चित्र आहे, बाबा. बाकी तेरा माझ्या हाताची आहेत. लोक म्हणाले, केवढं धाडस. मी अजून डॉक्टरांची वेळसुद्धा घेतलेली नाही.